खोपोलीचे स्थानक

मुंबईहून पुण्यास निघालेली आगगाडी कर्जत सोडून थोडी पुढे आली, की पळसदरी नावाचे लहानसे स्थानक लागते. येथे लोहमार्गाला दोन फाटे फुटतात. डाव्या हाताचा फाटा डोंगराला भिडतो आणि वळणे घेत, बोगद्यांत शिरत, सह्याद्रीच्या माथ्याकडे चढू लागतो. उजव्या हाताचा फाटा मात्र सपाटीनेच चालत राहतो. केळवली, डोलवली, लौजी अशी तीन लहान स्थानके मागे टाकून तो अगदी घाटाच्या भिंतीखाली जाऊन थांबतो. तेथे रूळ संपतात. त्या ठिकाणचे नाव खोपोली.

नकाशात पाहणाऱ्याला वाटते, की मुख्य मार्ग पुण्याचा आणि खोपोलीचा फाटा मागाहून जोडलेला. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. आधी रूळ आले ते खोपोलीस. पुण्याचा घाटमार्ग त्यानंतर सात वर्षांनी खुला झाला. त्या सात वर्षांत खोपोली हे मुंबईकडून दक्खनेत जाणाऱ्या लोहमार्गाचे टोक होते. आज शेवटच्या गाडीनंतर सामसूम होणाऱ्या या स्थानकाच्या पूर्ववृत्ताकडे म्हणूनच थोडे लक्ष दिले पाहिजे.

घाटाच्या पायथ्याशी वसलेल्या गावाचे महत्त्व नेहमी घाटावरून ठरते. कोकणातून देशावर जाणारा वाटसरू चढणीला लागण्यापूर्वी एक रात्र पायथ्याशी विसावणार, बैलांना पाणी पाजणार, सोबत शोधणार, हे ठरलेलेच होते. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस यांनी खोपोलीस बांधलेले विस्तीर्ण तळे व त्याच्या काठचे महादेवाचे देऊळ अजून उभे आहे. तो या वाहतुकीचाच पुरावा होय. या डोंगराचे महत्त्व शिवछत्रपतींनीही पुरते ओळखले होते. कुरवंडे घाटाने खाली उतरलेल्या कारतलबखानाच्या फौजेला त्यांनी २ फेब्रुवारी १६६१ रोजी ज्या उंबरखिंडीत कोंडले, ती खिंड याच खालापूर तालुक्यात आहे. पुढे इंग्रजी अमलात, १८३० साली, गव्हर्नर सर जॉन माल्कम यांच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला आणि खोपोलीची वर्दळ वाढली. इंग्रजांच्या कागदपत्रांत गावाचे नाव 'कँपुली' असे काहीसे विचित्र रूप घेऊन येते. जुनी कागदपत्रे वाचणाऱ्याने ते ध्यानात ठेवलेले बरे.

१६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई ते ठाणे ही आपल्या देशातील पहिली उतारूंची आगगाडी धावली, हे तुम्हांला ठाऊक आहेच. लोखंडी सडक असे तेव्हाचे लोक लोहमार्गाला म्हणत. ही लोखंडी सडक १८५४ साली कल्याणला पोहोचली. तिला जायचे होते त्याहून पुष्कळ पुढे. दक्खनच्या काळ्या जमिनीत पिकणारा कापूस बैलांच्या पाठीवरून मुंबईच्या बंदरात येण्यास आठवडे लागत. वाटेत तो भिजे, मातीने माखे. विलायतेतील गिरण्यांना हा कापूस हवा होता. सरकारला वेळप्रसंगी फौज भराभर हलवण्याची सोय हवी होती. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे या कंपनीने रूळ घाटाकडे नेले ते या दोन गरजांपोटी. आपल्या लोकांच्या प्रवासाची सोय हा त्यातला मुख्य हेतू नव्हता, हे इतिहास वाचताना विसरू नये. १२ मे १८५६ रोजी कल्याणहून खोपोलीपर्यंतचा मार्ग खुला झाला.

पुढे प्रश्न होता सह्याद्रीचा.

हा प्रश्न नीट समजण्यासाठी थोडे गणित करू. खोपोली ते खंडाळा हे अंतर पक्षी उडेल तसे मोजले, तर पाच-सहा किलोमीटरांहून अधिक भरणार नाही. परंतु तेवढ्यात सुमारे ५०० मीटर उंची चढावी लागते. म्हणजे दर दहा-बारा मीटरांमागे एक मीटर चढ. माणूस असा चढ चढेल, बैलही धापा टाकत चढेल. आगगाडीचे लोखंडी चाक गुळगुळीत लोखंडी रुळावर फिरते; या दोहोंतील घर्षण फार थोडे असल्यामुळे सपाटीवर थोड्या शक्तीत मोठे ओझे ओढता येते, आणि नेमक्या त्याच कारणाने चढणीवर चाक जागच्या जागी घसरू लागते. म्हणून अभियंत्यांनी मर्यादा ठरवली, की ३७ मीटरांमागे एक मीटर यापेक्षा अधिक चढ कोठेही ठेवायचा नाही. या हिशेबाने खोपोली-खंडाळ्याची ५०० मीटर उंची चढण्यासाठी साडेअठरा किलोमीटर लांबीचा रूळ पाहिजे. तो पाच-सहा किलोमीटरांत कसा मावणार? तेव्हा चढण खोपोलीपासून सुरू न करता मागे, पळसदरीपासूनच सुरू करायची, डोंगराच्या सोंडांना वळसे घालीत लांबी वाढवायची आणि हळूहळू वर जायचे, असा मार्ग आखण्यात आला. प्रत्यक्षात पायथ्यापासून लोणावळ्यापर्यंतचा हा घाटमार्ग पावणेसोळा मैल, म्हणजे सुमारे २५ किलोमीटर लांब झाला आणि त्याने १८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर उंची गाठली.

या आखणीने खोपोलीचे भवितव्यही ठरले. घाट पुरा होईल त्या दिवशी मुख्य मार्ग पळसदरीहून वळणार आणि खोपोली बाजूला पडणार, हे १८५६ साली कागदावर दिसतच होते. तोवर मात्र खोपोलीवाचून गत्यंतर नव्हते.

१४ जून १८५८ रोजी घाटमाथ्यावर खंडाळा ते पुणे हा मार्ग सुरू झाला. आता मुंबईहून खोपोलीपर्यंत आगगाडी आणि खंडाळ्याहून पुण्यापर्यंत आगगाडी, अशी स्थिती झाली. मधला डोंगर तेवढा उरला. उतारू खोपोलीस उतरत. ज्याची ऐपत असेल तो पालखी करी, कोणी तट्टू भाड्याने घेई, कोणी बैलगाडीत बसे. उरलेले पायी चालत. मालही गाडीतून उतरून बैलांवर चढे आणि माथ्यावर पुन्हा गाडीत भरला जाई. येथे एक गोष्ट सहज लक्षात येते. घाटात रूळ नसताना खंडाळा-पुणे मार्गावर गाड्या धावत होत्या; तेव्हा त्या मार्गावरील एंजिने आणि डबे याच खोपोलीच्या रस्त्याने चढवून नेलेले असले पाहिजेत. लोखंडाची ती अजस्र धुडे बैलांनी आणि माणसांनी त्या वळणांवरून कशी ओढली असतील, याची कल्पना तुम्हीच करा. पुढे जे एंजिन हजारो माणसांना घाटावर ओढून नेणार होते, ते स्वतः पहिल्या खेपेस माणसांच्या बळावर वर गेले.

घाटमार्गाच्या कामाला १८५६ च्या आरंभी सुरुवात झाली होती. कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांनी मार्ग आखला. फेव्हिएल नावाच्या इंग्रज कंत्राटदाराने तो बांधण्याचा मक्ता घेतला. काम पावसाळ्याचे चार महिने जवळजवळ बंद पडे आणि उरलेले आठ महिने रात्रंदिवस चाले. बोगदे खोदायचे ते हाताने. लांब पहारीने खडकात भोके पाडायची, त्यांत दारू ठासायची, बत्ती द्यायची आणि धूर निवळला की दगड उपसायचे. जेथे उभे राहायला पाऊलभर जागा नसे, तेथे वरून दोराने माणसे सोडीत. कड्यावर लोंबकळत ती सुरुंगाची भोके पाडीत. १८६१ च्या आरंभी या घाटात ४२,००० माणसे कामावर होती. एवढी वस्ती तेव्हा या भागातल्या कोणत्याही गावाला नव्हती. पाण्याचे, निवाऱ्याचे आणि आरोग्याचे हाल होते. पटकीने झोपड्याच्या झोपड्या रिकाम्या पडल्या. या कामात हजारो मजूर मरण पावले. अभ्यासकांनी केलेले काही अंदाज वीस हजारांच्याही पुढे जातात. त्यांची नावे कोठे लिहून ठेवलेली नाहीत.

मजुरीच्या पैशांवरूनही तंटे झाले. जानेवारी १८५९ मध्ये पगार थकल्याने व तो कापला गेल्याने चिडलेल्या मजुरांचा उठाव झाला आणि त्यात एका युरोपियनाचा मृत्यू झाला. त्यानंतर १८६० साली मालक व मजूर यांच्या वेतनाच्या तंट्यांविषयी एक कायदा करण्यात आला. मजुराला मॅजिस्ट्रेटकडे दाद मागता यावी अशी सोय त्यात होती खरी. पण ठरलेले काम सोडून जाणाऱ्या मजुराला शिक्षा देण्याची तरतूदही त्याच कायद्यात होती. न्यायाचे पारडे कोणीकडे झुकत होते, ते यावरून कळावे.

१८५९ साली फेव्हिएल यांनी मक्ता सोडला. त्यांच्या जागी सॉलोमन ट्रेडवेल आले; परंतु येथे पाऊल ठेवल्यापासून काही आठवड्यांतच आजाराने त्यांचा अंत झाला. परक्या देशात विधवा झालेल्या त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी मायदेशी परतण्याऐवजी पतीचा मक्ता स्वतःच्या नावे पुढे चालवला आणि अनुभवी व्यवस्थापकांच्या हातून काम पुरे करून घेतले. चालू कामाची छायाचित्रेही त्यांनी काढली. तो काळ आणि ती उपकरणे ध्यानात घेता ही गोष्ट सामान्य नव्हे. मार्ग आखणारे बर्कली हे तो पुरा झालेला पाहू शकले नाहीत. १८६२ साली त्यांचे निधन झाले. १८६३ च्या एप्रिल महिन्यात गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले आणि १४ मे १८६३ पासून तो वाहतुकीस खुला झाला. ऑस्ट्रियातील सेमरिंगचा प्रसिद्ध डोंगरी लोहमार्ग याच्या केवळ नऊ वर्षे आधी, १८५४ साली सुरू झाला होता. जगात तेव्हा एवढ्या चढणीवर गाड्या नेण्याचा अनुभव फार थोड्यांना होता.

अनुभवाची ही उणीव पुढेही जाणवली. जुलै १८६७ मध्ये, ऐन पावसाळ्यात, घाटातील एक मोठा दगडी पूल कोसळला व तो नव्याने उभारावा लागला. खंडाळ्याच्या खालच्या अंगास तर कड्यामुळे मार्गाला वळायलाच जागा नव्हती. तेथे गाडी थांबे, एंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडीत, आणि मग गाडी उलट्या दिशेने पुढची चढण चढे. ही कसरत १९२९ च्या सुमारास नवे बोगदे खोदून मार्ग बदलल्यावर थांबली. त्याच वर्षी कल्याण-पुणे मार्गावर विजेची एंजिने आली. त्यांतल्या लांबट एंजिनांना रेल्वेचे लोक 'खेकडा' म्हणत. १ जून १९३० रोजी सुरू झालेली 'दख्खनची राणी' विजेवर धावू शकली ती याच सुधारणेमुळे.

घाटाविषयी आणखी एक कथा या भागात घरोघर सांगितली जाते. साहेबाला डोंगरातून वाट सापडेना, तेव्हा शिंगरोबा नावाच्या एका धनगराने ती दाखवली. बक्षिसादाखल त्याने आपल्या मुलुखाचे स्वातंत्र्य मागितले, आणि साहेबाने त्याला गोळी घातली, अशी ती कथा. जुन्या रस्त्यावर घाटात शिंगरोबाचे देऊळ आहे आणि येणारे-जाणारे गाडीवान तेथे नाणे वाहतात. लिखित कागदपत्रांचा या कथेला आधार नाही, म्हणून तिला इतिहास म्हणता येणार नाही. तरीपण अभियंत्यांची नावे ग्रंथांत नोंदली गेली आणि डोंगराची खडान् खडा माहिती असलेल्या गुराख्यांची व वाटाड्यांची गेली नाहीत, ही उणीव लोकांनी आपल्या परीने भरून काढली आहे, असे मला वाटते.

घाट खुला झाला आणि खोपोलीचे दिवस पालटले. पुण्याचा उतारू आता कर्जतलाच थांबे. चढणीसाठी गाडीला मागून जादा एंजिने लावावी लागत, ती कर्जतला. चहा-फराळ होई तो कर्जतला. म्हणून नाव झाले ते कर्जतचे. आजही बहुतेक गाड्यांना तेथे मागून रेटणारी एंजिने जोडतात. २०२३ साली सुरू झालेली मुंबई-सोलापूर 'वंदे भारत' ही मात्र अशा मदतीवाचून घाट चढते, कारण तिच्या अनेक डब्यांखाली स्वतःच्या मोटारी आहेत. उतरणीची काळजी याहून निराळी असते. उतरताना गाडी ठराविक ठिकाणी थांबवून तिचे ब्रेक ठीक आहेत याची खात्री करून घ्यावी लागते. एखादी गाडी आवरली नाहीच, तर तिला मुख्य रुळावरून बाजूच्या चढत्या रुळावर वळवण्याची योजना घाटात केलेली आहे. तो चढच तिचा वेग खाऊन टाकतो.

खोपोलीचा फाटा तरीही उखडला गेला नाही. पुढच्या शतकात त्याच डोंगराने गावाला दुसरे काम दिले. जी उंची आगगाडीला अडवीत होती, तीच वीज निर्माण करण्याच्या कामी आली. घाटमाथ्यावर लोणावळा, वळवण व शिरवटा येथे धरणे बांधून अडवलेले पावसाचे पाणी प्रचंड नळांतून कड्यावरून खाली आणायचे आणि त्याच्या जोरावर खोपोलीस यंत्रे फिरवायची, ही जमशेटजी टाटांच्या स्वप्नांपैकी एक योजना. जमशेटजी १९०४ साली वारले. काम त्यांच्या मागे पुरे झाले आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईच्या गिरण्यांना मिळू लागली. यंत्रांतून बाहेर पडलेले पाणी पाताळगंगेत जाते आणि ती नदी ते धरमतरच्या खाडीला नेऊन पोहोचवते. माथ्यावर कोसळलेला पाऊस एरवी पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागरास मिळाला असता; तो असा वीज देऊन पश्चिम समुद्राला मिळतो, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. पुढे पोलादाचे, कागदाचे व इतर कारखाने आले, वस्ती वाढली आणि खोपोलीस नगरपालिका झाली.

आता या स्थानकाच्या आजच्या सेवेविषयी. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून कर्जत १०० किलोमीटर आणि खोपोली त्यापुढे सुमारे १५ किलोमीटर. काही लोकल गाड्या मुंबईहून थेट खोपोलीस येतात. काही कर्जत व खोपोली यांच्याच दरम्यान फेऱ्या घालतात. कर्जत-खोपोली प्रवासाला अर्धा तासही पुरतो. पळसदरीपुढे रूळ एकेरी आहे. एकेरी मार्गावर समोरासमोर दोन गाड्या येऊन चालत नाही, म्हणून गेलेली गाडी परतल्याशिवाय दुसरी सोडता येत नाही आणि फेऱ्यांची संख्या वाढवण्यास मर्यादा पडते. ठाण्या-कल्याणच्या माणसाला एक लोकल चुकली तर पाच मिनिटांत दुसरी मिळते. केळवलीच्या माणसाची गाडी चुकली तर त्याचा अर्धा दिवस विस्कटतो.

शाळेत असताना हे मी वर्षानुवर्षे पाहिले आहे. सकाळची गाडी उशिरा आली, की पहिल्या तासाला वर्गातील ठराविक बाके रिकामी दिसत. डोलवली आणि लौजीकडील मुले धापा टाकत दारात उभी राहत. त्यांना उशिराबद्दल काही विचारण्यात अर्थ नसे. वेळापत्रक त्यांच्या हाती नव्हते. पावसाळ्यात तर काही पालक मुलींना परतीच्या गाडीची खात्री असेल तरच पाठवीत. एखाद्या गाडीची वेळ अर्ध्या तासाने बदलली, तर किती जणींचे शिक्षण पुढे चालू राहील आणि किती जणींचे थांबेल, हे त्यावर अवलंबून असे. मोठ्या स्थानकांच्या हिशेबात ही गोष्ट येत नाही.

या गाडीने कोण प्रवास करतात, ते पाहावे. कारखान्यांत पाळीला जाणारे कामगार असतात. मुंबई-ठाण्यात नोकरीस असून रोज घरी परतणारे असतात. त्यांचे दिवसाचे पाच तास गाडीतच जातात. हंगामात करवंदे, जांभळे, रानभाज्या पाट्यांत घेऊन निघालेल्या ठाकर व कातकरी समाजाच्या स्त्रिया असतात. चतुर्थीच्या दिवशी महडच्या वरदविनायकाला निघालेले भाविक असतात, आणि पावसाळ्यातील रविवारी धबधबे पाहायला आलेली शहरातली तरुण मंडळीही असतात. यांतील शेवटच्या मंडळींना एकच सांगणे आहे, की पावसात घाटातील ओढे क्षणात फुगतात.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पूर्णपणे खुला झाल्यापासून मोटारी खोपोलीच्या बाजूने भरधाव निघून जातात. स्थानकावर उतरून लोणावळ्यास जाणाऱ्यांची रीत मात्र फारशी बदललेली नाही. रूळ संपतात तेथे ते गाडीतून उतरतात, सामान उचलून बाहेर येतात आणि एस.टी.त किंवा मिळेल त्या वाहनात बसून रस्त्याने घाट चढतात.